हाड मोडलंय का नाही, एवढ्यावर कलम बदलतं

गेल्या जूनमध्ये आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतात मारहाण झाली, त्यानंतरचे आठ महिने पोलीस स्टेशन, सरकारी दवाखाना आणि कोर्ट या तीन ठिकाणी गेले. मी पुण्यात अकाउंट्सचं काम करते, कायद्याचा आणि माझा काही संबंध नव्हता. पण आता दुखापतीची कलमं माझी पाठ झालीत आणि गावाकडचं कोणी फोन करून विचारतं की ताई आमच्याकडं असं असं झालंय, नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतलीय, काय करू, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

झालं असं की बांधाचा वाद जुनाच. चुलत्यांच्या मुलानं पेरणीआधी ट्रॅक्टर घातला आणि बांध चांगला हातभर कोरला. अण्णा ६३ वर्षांचे, बघायला गेले, बोलाचाली झाली, त्यानं शिव्या दिल्या, अण्णांनी ट्रॅक्टरपुढं उभं राहून अडवलं आणि त्यानं बाजूला पडलेला खोऱ्याचा दांडा उचलून मारला. डोक्यावरच येत होता, अण्णांनी डावा हात वर केला म्हणून हातावर बसला. दुसरा मांडीवर. माझा भाचा, सात वर्षांचा, अण्णांच्या बरोबर होता, तो ओरडत घरी पळत आला.

आई आणि शेजारचे दोघं अण्णांना मोटरसायकलवर बसवून आधी पोलीस स्टेशनला घेऊन गेले, तिथून पोलिसांनी दवाखान्याची यादी दिली. यादी म्हणजे पोलिसांचं डॉक्टरांना पत्र, की या माणसाला तपासा आणि सर्टिफिकेट द्या. हे माहीत असू द्या, ती यादी घेऊन सरकारी दवाखान्यात गेलात की नोंद मेडिको लीगल म्हणून होते आणि नंतर ते सर्टिफिकेट थेट केसच्या कागदात येतं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलं, हात सुजला होता, मांडीवर काळंनिळं झालं होतं. पण संध्याकाळी एक्स-रे काढणारा माणूस नव्हता. डॉक्टरांनी हाताला फळी बांधली आणि त्या दुखापतीपुढं लिहिलं, एक्स-रेनंतर मत. मांडीच्या पुढं लिहिलं, साधी.

रात्री साडेदहाला पोलीस स्टेशनला परत. मी तोपर्यंत बसमध्ये होते. फोनवर आई म्हणाली तक्रार घेतलीय, पावती दिलीय. मला वाटलं झालं काम. सकाळी घरी पोचल्यावर ती पावती बघितली तर वर लिहिलेलं, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. खाली कलम ११५(२), ३५२, ३५१(२), आणि सगळ्यात शेवटी, फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.

ही शेवटची ओळ मी तीन वेळा वाचली. माझ्या वडिलांना दांड्यानं मारलंय आणि पोलीस म्हणतायत तुम्ही कोर्टात जा. मला इतका राग आला की तशीच उठून पोलीस स्टेशनला गेले. तिथं ठाणे अंमलदार म्हणून एक वयस्कर हवालदार होते, त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, मारहाण झाली हे आम्ही नाही म्हणत नाही. पण आत्ता कागदावर साधी दुखापत आहे. साध्या दुखापतीत आम्हाला कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. हाड मोडल्याचा कागद आणा, मी लगेच गुन्हा दाखल करतो."

तेव्हा मला ते टोलवाटोलवीच वाटली. डॉक्टरांचं मत यायचं बाकी असताना रातोरात एन.सी. करून मोकळं व्हायची घाई का केली, हा माझा प्रश्न अजूनही आहे, आणि निदान यादीवर दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रेला पाठवायला हवं होतं. पण हवालदारांनी जे सांगितलं ते कायद्याप्रमाणे बरोबर होतं, हे मला आमच्या वकीलबाईंकडे बसल्यावर कळलं. गाडी सगळी इथूनच फिरते.

आपल्याकडे गुन्ह्यांची पहिली मोठी विभागणी दखलपात्र आणि अदखलपात्र अशी आहे. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतः एफ.आय.आर. नोंदवून तपास सुरू करतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र म्हणजे नोंद करायची, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं, मॅजिस्ट्रेटनी हुकूम दिला तरच तपास. कोणता गुन्हा कशात मोडतो हे पोलीस त्यांच्या मनानं ठरवत नाहीत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या, शेवटी मोठं कोष्टक आहे, प्रत्येक कलमापुढं लिहिलंय, दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, आणि कुठल्या कोर्टात चालणार. साधारण तीन वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर अदखलपात्र, अपवाद आहेत पण ढोबळ अंदाज तोच.

आणि मारहाणीत ते अंगावरच्या जखमेवर ठरतं. १ जुलै २०२४ पासून जुनं आय.पी.सी., म्हणजे भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळं सगळे नंबर बदललेत, पण गावात अजून सगळे ३२३, ३२५, ३२६, ३०७ असंच बोलतात. पोलीससुद्धा बोलताना जुना नंबर आणि लिहिताना नवा. तर साधी दुखापत म्हणजे जुनं ३२३, आताचं ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, दंड पूर्वी हजार रुपयांपर्यंत होता तो आता दहा हजारांपर्यंत. गंभीर दुखापत म्हणजे जुनं ३२५, आताचं ११७(२), सात वर्षांपर्यंत आणि दंड. एक वर्ष आणि सात वर्षं, आणि या दोन्हीच्या मध्ये काय आहे तर एक हाड.

गंभीर म्हणजे काय हे कायद्यानं मोजून सांगितलंय, आठ प्रकार आहेत. डोळा कायमचा जाणं, कान कायमचा जाणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं किंवा कायमचा निकामी होणं, पुरुषत्व जाणं, चेहरा किंवा डोकं कायमचं विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, आणि आठवा म्हणजे जिवावर बेतेल अशी इजा, किंवा जिच्यामुळं माणसाला पंधरा दिवस असह्य वेदना होतात किंवा रोजची कामं करता येत नाहीत अशी. हे पूर्वी वीस दिवस होतं, नव्या कायद्यात पंधरा केलंय. १८६० पासून वीस होतं, आता ते पाच दिवस कमी झाले. ज्याचं हाड मोडलेलं नाही पण जो अठरा दिवस अंथरुणाला खिळून होता, तो पूर्वी साध्या दुखापतीत जायचा, आता गंभीरमध्ये येतो. म्हणून दवाखान्याचे, औषधाचे, कामावर न गेल्याचे कागद ठेवा, तारखांसकट.

एक गोष्ट मात्र मला फार विचित्र वाटली आणि अजून वाटते. एन.सी.मध्ये जे ३५२ कलम होतं ते शिवीगाळीचं, म्हणजे समोरचा भडकून शांतता मोडेल अशा हेतूनं केलेला अपमान, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. धमकीच्या ३५१(२) ला पण दोन वर्षं. आणि हातानं मारल्याला एकच वर्ष. मी वकीलबाईंना म्हटलं हे उलटं नाही का. त्या म्हणाल्या कायद्याला काळजी तिथून पुढं पेटणाऱ्या भांडणाची आहे. अण्णांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबरच हाय की. हात दुखायचा थांबंल. नातवापुढं आई-भनीवरनं बोलला ते कुठं थांबतंय."

सोमवारी आम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक्स-रेची फिल्म डॉक्टरांनी उजेडाला धरून दाखवली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, त्यातलं करंगळीच्या बाजूचं. पांढऱ्या हाडावर मधोमध एक बारीक काळी रेघ, तिरकी, केसाएवढी, दोन तुकडे वगैरे काही नाही. डॉक्टर तरुण होते, म्हणाले डोकं वाचवायला माणूस हात असा वर करतो तेव्हा हेच हाड पुढं येतं, मार अडवताना नेहमी इथंच बसतो. म्हणजे त्या एका रेघेवरून हेही दिसत होतं की मार कुठं चालला होता आणि अण्णा काय करत होते. मी त्या फिल्मचा फोटो काढून ठेवलाय. अण्णांनी ती बघितली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तोपर्यंत ते मुका मार आहे, जाईल म्हणत होते.

माझी धाकधूक होती की एवढीशी तर रेघ, याला फ्रॅक्चर धरतील का. वकीलबाई म्हणाल्या सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, होरी लाल विरुद्ध उत्तर प्रदेश, हाड आरपार तुटायलाच पाहिजे असं नाही, तडा गेला तरी ते फ्रॅक्चरच. सर्टिफिकेटमध्ये रकाने असतात, जखमेची जागा, सेंटिमीटरमध्ये माप, किती तासांपूर्वीची, हत्यार कसलं असेल, आणि शेवटचा रकाना, साधी की गंभीर. आमच्यात हत्यारापुढं लिहिलं कठीण व बोथट, आणि शेवटी हातापुढं गंभीर. एक सांगते, पहिल्यांदा डॉक्टर तपासतात तेव्हाच जिथं जिथं दुखतंय ते सगळं सांगा, अगदी किरकोळ वाटलं तरी. नंतर आठवलेलं दुखणं कागदावर नसतं आणि पुढं समोरचा वकील तेच धरतो.

आता खरी गोष्ट. सर्टिफिकेट घेऊन पोलीस स्टेशनला जाताना गाडीत मामा होते आणि भावकीतले दोघं, त्यातल्या एकाची राजकारणात ऊठबस. ते सगळे अण्णांना समजावत होते की जबाबात नुसता दांडा म्हणू नको, खोरं म्हण, लोखंडाच्या पात्यानं मारलं म्हण. कारण तेच, कलमाची पायरी वर जाते. घातक हत्यारानं गंभीर दुखापत केली तर जुनं ३२६, आताचं ११८(२), त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, जामीन हक्कानं मिळत नाही. आणि ते राजकारणातले तर म्हणत होते सरळ ३०७ लावून घेऊ, मी साहेबांशी बोलतो, तुला जिवंत सोडत नाही म्हणाला होता ना, मग झालं तर. ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, आता १०९, दहा वर्षांपर्यंत आणि इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, केस थेट सेशन कोर्टात.

मी खरं सांगते, मलाही त्या क्षणी ते पटत होतं. तीन रात्री झोप नव्हती, अण्णा लहान मुलासारखे हात छातीशी धरून बसले होते, मला तो माणूस आत हवा होता. मी काहीच बोलले नाही.

जबाब घ्यायला तेच हवालदार, कॉम्प्युटरवर टाइप करत होते. कुठल्या गटात, किती वाजता, कोण कोण होतं, सगळं झालं, मग त्यांनी विचारलं, "कशानं मारलं?" अण्णा म्हणाले, "खोऱ्याच्या दांड्यानं." मामांनी मागून खाकरलं. हवालदारांनी मान वर करून बघितलं आणि परत विचारलं, "खोऱ्यानं का दांड्यानं? पातं होतं का त्याला?" अण्णा म्हणाले, "पातं कवाच निसटलंय त्याचं. नुसता दांडा व्हता, बाभळीचा. माझाच दांडा हाय तो, मीच बसवला व्हता." मामा बाहेर निघून गेले.

नंतर घरी याच्यावरून मोठं बोलणं झालं. अण्णा एवढंच म्हणाले की ह्या बोटांनी मी तासलेला दांडा, त्याला लोखंड कुठनं आणू, उद्या जजपुढं शपथ घिऊन काय सांगू. आणि पंचनाम्यात पोलिसांनी जप्त केला तो तर लाकडी दांडाच होता, चार फुटाच्या आसपास. आम्ही पातं म्हटलं असतं आणि सर्टिफिकेटमध्ये कठीण व बोथट, कापल्याची एक जखम नाही, तर खोटं पहिल्याच उलटतपासणीत उघडं पडून खरं पण त्याच्याबरोबर वाहून गेलं असतं.

वकीलबाईंनी मला नंतर नीट समजावलं. लाकडी दांडा कधीच घातक हत्यार नसतो असं काही नाही. कायद्यात शब्द असे आहेत की जे साधन हल्ल्यासाठी वापरलं तर जीव जाण्याचा संभव आहे असं, मग किती जाड, किती जड, कुठं मारलं, कसं मारलं हे सगळं बघतात. त्यांनी केरळची एक केस सांगितली, मथाई म्हणून, २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्यात दगडानं मारलं होतं, पण दगड केवढा होता हेच पुराव्यात नव्हतं म्हणून ३२६ वरून ३२५ वर आणलं. आणि ३०७ ला तर नुसतं जिवंत सोडत नाही म्हणणं पुरत नाही, मारण्याचा हेतू किंवा जीव जाईल याची जाणीव दिसायला लागते, हत्यार, जागा, किती वार, कुणी मध्ये पडलं म्हणून थांबला का आपणहून. आमच्यात तो दोन मारून स्वतःच दांडा टाकून निघून गेला होता. बाई म्हणाल्या, "वरचं कलम लावून घ्यायला जोर लावतात लोक, आणि कोर्टात ते टिकलं नाही की सगळी फिर्यादच संशयात येते. जे घडलं त्याचंच कलम लावा, ते पक्कं राहतं."

तर गुन्हा दाखल झाला ११७(२), बरोबर ३५२ आणि ३५१(२). हे दोन अदखलपात्र असले तरी एक जरी कलम दखलपात्र असलं की अख्खी केस दखलपात्र धरतात, त्यामुळं शिवीगाळ आणि धमकीचा तपासही त्यातच आला. एफ.आय.आर.ची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या, आम्हाला तिथल्या तिथं दिली.

गावात मात्र दुसऱ्या दिवशी बोंब झाली की त्याला सोडला, पैसे चारले. तसं नव्हतं. ११७(२) दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा त्याचा हक्क, पोलीसच देतात. शिवाय सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय आणि नागरिक सुरक्षा संहितेत नोटिशीचं ते कलम ३५(३) आहे. म्हणजे शिक्षेचा आकडा नुसता शेवटच्या निकालासाठी नसतो, अटक होणार का, जामीन कसा, कुठलं कोर्ट, तडजोड होऊ शकते का, हे सगळं त्याच आकड्यावर पहिल्या दिवसापासून चालतं. तक्रारीची मुदतसुद्धा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची कोर्टानं दखल घ्यायला एकच वर्ष मुदत असते, तीन वर्षांपर्यंतच्याला तीन वर्षं, त्याच्या वर मुदतच नाही. एन.सी. घरात ठेवून दोन वर्षांनी कोर्टात गेलेल्याला परत पाठवतात ते यामुळं.

त्यानंही आमच्याविरुद्ध एक एन.सी. दिली, अण्णांनी कॉलर धरली म्हणून. मग दोन्हीकडच्यांना तहसील ऑफिसात बोलावून चॅप्टर केस केली, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतला. अण्णांना तिथं आरोपीसारखं उभं राहायला लागलं, प्लास्टर घातलेला हात घेऊन. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

प्लास्टर सहा आठवडे होतं. पेरणी माझ्या भावानं केली. तपासात विशेष काही घडलं नाही, साक्षीदारांचे जबाब, डॉक्टरांचं पत्र, आणि सप्टेंबरमध्ये पोलिसांनी चार्जशीट पाठवलं. नव्या कायद्यात नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं बंधन आहे, मला त्यासाठी दोनदा अर्ज करायला लागला तेव्हा कळलं, पण कळलं.

आता केस मॅजिस्ट्रेट कोर्टात आहे. डिसेंबरच्या तारखेला बाहेरच्या बाकावर त्याची आई, म्हणजे आमची काकी, माझ्याशेजारी येऊन बसली. लहानपणी हिच्याच हातचं खाल्लंय. म्हणाली, मिटवता येत नाही का गं. मी बाईंना विचारलं. ११५ असतं तर अण्णांनी नुसतं मिटवतो म्हणून चाललं असतं, ११७(२) ला कोर्टाची परवानगी लागते, पण मिटतं. आणि अण्णांनी त्या दिवशी पातं म्हटलं असतं आणि ११८(२) लागलं असतं तर मिटवायची सोयच नव्हती, अण्णांची कितीही इच्छा असली तरी.

अण्णांना येताना एस.टी.त सांगितलं. त्यांनी डाव्या हाताची मूठ दोन-तीनदा उघडझाप केली, थंडीत अजून आखडते ती. म्हणाले, "आधी मोजणी व्हऊ दे. दगड जिथं व्हता तिथं बसू दे. आन त्यानं पोराफुडं येऊन बोलावं, माझ्याफुडं नगं, पोराफुडं. मग बघू."

मोजणीची फी भरलीय, तारीख यायचीय. कोर्टाची पुढची तारीख १८ आहे, ज्वारी काढणीला आलीय म्हणून अण्णांनी तो एक दिवस सोडून बाकीच्या दिवसांना माणसं सांगितलीत.